वणव्याआधीची आग

फाल्गुन-चैत्रात सह्याद्रीच्या उतारावर रात्री आगीची माळ दिसली की पोटात गोळा येतो. वणवा म्हणजे रानाचा घात, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. त्यामुळे ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला रान वाचवण्यासाठीच माणसं दरवर्षी ठरवून, फिरून, जागोजागी आग लावतात, हे पहिल्यांदा ऐकताना खरं वाटत नाही.

पण ते खरं आहे. आर्नहेम लँड या मुलखातल्या आदिवासींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली आगीची विद्या आज पुन्हा कामाला लागली आहे आणि तिचा परिणाम उपग्रहांच्या चित्रांतून व प्रत्यक्ष मोजमापांतून तपासला जातो. पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांची सांगड घालावी, असं भाषणांतून नेहमी ऐकू येतं. ती सांगड प्रत्यक्षात कशी बसते, कुठे निसटते आणि कशाच्या बळावर टिकते, हे या आगीच्या गोष्टीत नीट पाहता येतं. त्यातून निघणारी मुख्य गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी: ज्यांचं ज्ञान आहे त्यांच्याच हाती जमीन आणि काडी राहिली, तरच ही सांगड टिकते.

## मुलूख आणि माणसं

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत, डार्विन शहराच्या पूर्वेला आर्नहेम लँड पसरला आहे. त्याचं क्षेत्रफळ सुमारे ९७,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश. १९३१ मध्ये हा भाग आदिवासींसाठी राखीव झाला. पुढे १९७६ च्या जमीन हक्क कायद्यानं त्याची सामूहिक मालकी त्यांच्याकडे आली. ही जमीन विकता येत नाही आणि बाहेरच्या माणसाला तिथे जायचं तर परवाना काढावा लागतो.

या मुलखाच्या पश्चिमेला वालुकाश्माचं मोठं पठार आहे. उभे कडे, खोल घळी, झरे आणि कपारींमधली असंख्य भित्तिचित्रं. इथले लोक स्वतःला नावार्डेकेन म्हणवतात, म्हणजे खडकाळ मुलखाची माणसं. त्यांच्या भाषेत आपल्या माणसाला ‘बिनिंज’ आणि गोऱ्या माणसाला ‘बालांडा’ म्हणतात. ‘बालांडा’ हा शब्द मूळचा ‘हॉलंडर’. इंडोनेशियातल्या मकासर बंदरातून समुद्रकाकडी गोळा करायला येणाऱ्या खलाशांबरोबर तो इथवर पोहोचला. इंग्रज वसाहती होण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्याचा बाहेरच्या जगाशी व्यवहार होता, याची खूण त्या एका शब्दात राहिली आहे.

इथली वस्ती किती जुनी, यावर अभ्यासकांत वाद आहे. माजेदबेबे या कपारीतल्या उत्खननावरून २०१७ मध्ये संशोधकांनी ती सुमारे ६५,००० वर्षांपूर्वीची असल्याचं मांडलं. काहींना हा काळ इतका मागे नेणं पटत नाही. तरीही माणूस आणि आग इथे हजारो वर्षं एकत्र नांदली, याबद्दल दुमत नाही.

## सहा ऋतूंचं पंचांग

सरकारी दप्तरात या भागाचे दोनच ऋतू असतात, पावसाळा आणि कोरडा काळ. बिनिंज लोक सहा मोजतात. डिसेंबर ते मार्च हा मोसमी पावसाचा कुजेवक. एप्रिलच्या आसपास बांगकेरेंग, जेव्हा जाता जाता येणारी वादळं माणसापेक्षा उंच वाढलेलं गवत आडवं करतात. मे ते मध्य जून येक्के, पहाटेच्या धुक्याचा आणि गार होत जाणाऱ्या हवेचा काळ. मग थंड, कोरडा वुर्केंग. ऑगस्टच्या मध्यापासून तापत जाणारा कुरुंग. आणि शेवटी पावसाची वाट पाहायला लावणारा, विजा कडाडणारा कुनुमेलेंग.

आपण सोयीसाठी महिने लिहितो, पण हे ऋतू तारखांनी सुरू होत नाहीत, खुणांनी होतात. आपल्याकडचा शेतकरी पावशाची साद ऐकतो, काजवे पाहतो आणि मृगाचा अंदाज बांधतो, तसंच हे. येक्केमध्ये कोरडा वारा वाहू लागला आणि वुलीबट या निलगिरीच्या भाऊबंद झाडाला केशरी फुलं आली की बिनिंज ओळखतात, रान जाळायला घेण्याची वेळ झाली. फूल एक आठवडा उशिरा आलं तर आगही उशिरा. झाडाला तो हंगाम किती ओला गेला हे ठाऊक असतं आणि माणसं झाडाचं ऐकतात.

## आधीची आग, नंतरचा वणवा

या विद्येचं मर्म एका साध्या गोष्टीत आहे. पावसाळ्यात इथे भाल्यासारखं सरळ गवत वाढतं, दोन-दोन मीटर आणि त्याहून उंच. पाऊस थांबला की ते वाळतं आणि मैलोन्‌मैल जळण तयार होतं. कोरड्या काळाच्या शेवटी विजा पडू लागतात. म्हणजे आग येणारच आहे. आग हवी की नको, हा पर्याय या मुलखात कधीच नव्हता. कोणती आग हवी, एवढंच माणसाच्या हातात असतं.

मे-जूनमध्ये लावलेली आग घ्या. जमिनीत ओल असते, घळींमधलं गवत अजून हिरवं असतं. ज्वाळा गुडघ्याएवढ्या उंचीनं सरकत जातात. ओढ्याशी, ओलसर खोलगट जागेशी, खडकाच्या पट्ट्याशी पोहोचल्या की थबकतात, आणि रात्री दव पडलं की बहुतेक वेळा आपोआप विझतात. झाडांच्या फांद्या आणि शेंडे शाबूत राहतात. अशा लहान-लहान जळितांमुळे रानाची गोधडी होते: एक तुकडा यंदा जळलेला, शेजारचा गेल्या वर्षी, त्यापलीकडचा चार वर्षं न जळलेला.

आता सप्टेंबर-ऑक्टोबरचा वणवा पाहा. गवत, पाचोळा, पडलेले ओंडके सगळं कडकडीत वाळलेलं. हवेत ओल नाही, वारा तापलेला. आग शेंड्यांपर्यंत चढते, रात्रीही विझत नाही आणि आठवडेच्या आठवडे पुढे जात राहते. गोधडीचे आधी जळून गेलेले तुकडे वाटेत असतील तरच तिला जळण मिळेनासं होतं. म्हणून सुरुवातीची छोटी आग ही नंतरच्या मोठ्या वणव्यापुढे घातलेला बांध असते.

उशिराच्या वणव्यात सर्वांत जास्त भरडली जाते ती आनबिनिक वृक्षांची राई. हे प्रचंड वृक्ष जगात फक्त याच पठाराच्या परिसरात वाढतात. त्यांच्या गर्द सावलीत वेगळंच रान जगतं आणि तीव्र आग ते रान कडेनं कुरतडत नेते. दुसरं झाड उत्तरेकडचं सायप्रस-पाइन. याच्या लाकडाला वाळवी सहसा लागत नाही. जोरदार आगीत ते मरतं आणि बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. बियांतूनच नवं रोप यावं लागतं. वणवे लागोपाठ आले तर रोपं मोठी होण्याआधीच संपतात.

आग लावण्यामागे फक्त वणव्याची भीती नव्हती. जळलेल्या जागी कोवळे अंकुर फुटतात, त्यांच्यावर कांगारू येतात आणि शिकार सोपी होते. पायवाटा मोकळ्या होतात. रानफळांच्या आणि कंदांच्या जागा राखण्यासाठी त्यांच्याभोवती आधीच जाळून घेतलं जातं. आणि बिनिंज माणसाच्या लेखी आपला मुलूख झाडून-पुसून स्वच्छ ठेवणं हे त्या मुलखाचं देणं आहे. १९६९ मध्ये पुरातत्त्वज्ञ रीस जोन्स यांनी या सगळ्याला ‘आगकाडीची शेती’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याआधी बहुतेक गोऱ्या वसाहतकारांना त्यात निष्काळजीपणाच दिसत होता.

## माणसं गेली, मुलूख पोरका झाला

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पठारावरची माणसं खाली उतरू लागली. काही मिशन वस्त्यांवर गेली, काही रानरेड्यांच्या कातड्यांच्या धंद्यात, काही खाणींवर, काही गावांत. बाहेरून आलेल्या रोगांनी घरंच्या घरं रिकामी केली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पठार जवळजवळ निर्मनुष्य झालं.

कागदावर पाहिलं तर आता हे अस्पर्श अरण्य होतं: माणूस नाही, कुऱ्हाड नाही, शेती नाही. निसर्ग वाचवायचा म्हणजे माणसाला बाजूला काढायचं, असं मानणाऱ्याला यापेक्षा चांगलं काय हवं होतं? पण घडलं उलटं. सुरुवातीच्या छोट्या आगी थांबल्या, जळण साठत गेलं आणि वर्षाअखेरचे वणवे पठार ओलांडून जाऊ लागले. सायप्रस-पाइनचे नुसते वाळलेले खांब उभे राहिले. आनबिनिकच्या राया आक्रसू लागल्या. ज्या मुलखाला हाक मारणारं, त्याच्याशी बोलणारं कोणी उरलं नाही, त्या मुलखाला तिथली वडीलधारी माणसं पोरका म्हणतात. शास्त्रज्ञ त्याच अवस्थेला बिघडलेलं अग्निचक्र म्हणाले. शब्द दोन, पण दोघं बोलत होते एकाच दुखण्याबद्दल.

## दोन ज्ञानांची गाठ कशी पडली

या कथेत बारदायल ‘लॉफ्टी’ नाजामेरेक यांचं नाव टाळता येत नाही. १९२६ च्या सुमारास जन्मलेले हे वडीलधारे पठारावरच चालत-फिरत वाढले. झाडाच्या सालीवर काढलेल्या त्यांच्या चित्रांमुळे कलाविश्व त्यांना ओळखतं. २००४ मध्ये त्यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’ हा सन्मान मिळाला. उतारवयात त्यांनी गावात आराम करायचं सोडून परत आपल्या पठाराची वाट धरली आणि २००२ मध्ये काबुलवारनाम्यो इथे वस्ती उभी केली. कोणत्या कड्याखालून वाट जाते, कुठल्या कुळानं कुठे आग लावायची, कोणत्या जागेजवळ लावायची नाही, हे त्यांनी तरुणांना आणि सोबत आलेल्या शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष जागेवर दाखवलं. २००९ मध्ये ते गेले, पण तोवर मुलखाला पुन्हा माणसं मिळाली होती.

दुसऱ्या बाजूनं परिसरशास्त्रज्ञ त्याच प्रश्नाकडे येत होते. डेव्हिड बोमन यांच्यासारख्या अभ्यासकांना सायप्रस-पाइनचा ऱ्हास बोचत होता. जेरेमी रसेल-स्मिथ उपग्रहांच्या चित्रांवरून उत्तरेकडच्या गवताळ रानांतल्या आगींचा इतिहास मांडत होते. सर्वांना एका जागी आणणारा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य आर्नहेम लँडमधल्या एका कुळाची जमीन तिच्या मालकांनी कधीच सोडली नव्हती. आग लावण्याची जुनी रीत तिथे अखंड चालू होती. संशोधकांनी त्या जमिनीची झाडं, गवतं, प्राणी आणि आगीच्या खुणा तपासल्या. सायप्रस-पाइन तिथे धडधाकट होतं, आग न सोसणाऱ्या वनस्पती टिकून होत्या आणि नव्यानं जळलेल्या तुकड्यांवर कांगारू चरत होते. जुने लोक जे सांगत होते, त्याचा पुरावा जमिनीवर उभा होता.

या शोधनिबंधाच्या लेखकांत पहिलं नाव डीन यिबारबुक यांचं आहे. ते बिनिंज समाजातले वनरक्षक, वडीलधारे आणि आगीचे जाणकार. हा तपशील महत्त्वाचा आहे. शास्त्रज्ञांनी आदिवासींकडून माहिती घेऊन आपल्या नावानं छापली, असं इथे घडलं नाही. प्रश्न ठरवताना आणि उत्तर लिहिताना ते बरोबरीनं बसले होते.

## धुराचा हिशेब

पण पठारावर माणसं परत ठेवायची तर पगार, रेडिओ, गाड्या, इंधन लागतं. पैसा आणायचा कुठून? उत्तर धुरात सापडलं.

गवत जळतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघतो. पुढच्या पावसाळ्यात नवं गवत वाढताना तो पुन्हा शोषला जातो, म्हणून या हिशेबात तो धरत नाहीत. पण धुरात मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडही असतात आणि ते गवताबरोबर परत येत नाहीत. शंभर वर्षांच्या हिशेबानं मिथेनची हवा तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटींहून अधिक, नायट्रस ऑक्साइडची अडीचशेपटींहून अधिक. उशिराच्या वणव्यात जास्त क्षेत्र जळतं, आणि जळतं त्या जागी पाचोळा, फांद्या, ओंडके असं सगळंच अधिक पूर्ण जळून जातं. म्हणजे वणव्याऐवजी आधीची आग लावली तर हे वायू कमी निघतात.

किती कमी, ते सांगायला मोजमाप हवं होतं आणि इथे विज्ञानानं आपलं काम चोख केलं. कोणत्या प्रकारच्या रानात किती जळण साठतं, शेवटची आग लागून किती वर्षं झाली की ते किती होतं, कोणत्या हंगामात त्यातला किती भाग जळतो, हे रानात वजनं घेऊन ठरवलं गेलं. जळलेलं क्षेत्र उपग्रहावरून मोजलं. या सगळ्यांचा गुणाकार केला की धुराचा आकडा मिळतो. १ ऑगस्टच्या आधीची आग लवकरची आणि नंतरची उशिराची, अशी रेषाही हिशेबासाठी आखली गेली.

२००६ मध्ये पश्चिम आर्नहेम लँडमध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर हा प्रकल्प सुरू झाला. डार्विन बंदरावरच्या नैसर्गिक वायू प्रकल्पानं आपल्या प्रदूषणाची भरपाई म्हणून १७ वर्षं, दरवर्षी सुमारे १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचं मान्य केलं. त्या बदल्यात वनरक्षकांनी वर्षाला १,००,००० टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन कमी करायचं होतं. पहिल्या सात वर्षांत मिथेन आणि नायट्रस ऑक्साइडचं उत्सर्जन आधीच्या दहा वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे ३८ टक्क्यांनी घटलं. या अनुभवावरून २०१२ मध्ये देशाच्या कायद्यानं ही पद्धत कार्बन क्रेडिट मिळवण्यासाठी मान्य केली आणि उत्तर ऑस्ट्रेलियात असे अनेक प्रकल्प उभे राहिले.

## आज काम कसं चालतं

वर्षाची सुरुवात बैठकीनं होते. त्या-त्या कुळाचे जमीनमालक नकाशाभोवती बसतात. नकाशावर गेल्या काही वर्षांची जळितं रंगांनी दाखवलेली असतात. कुठे जळण साठलंय, कुठे यंदा हात लावायचा नाही, पवित्र स्थळं कुठे आहेत, कोण कोणाबरोबर जाणार, हे तिथे ठरतं. मालकांची संमती नसेल तर त्या तुकड्यावर काडी पडत नाही.

मग येक्केच्या सुमारास काम सुरू होतं. जुन्या वाटांवरून काही गट दिवसचे दिवस पायी चालतात आणि चालता-चालता जाळत जातात. या पदयात्रांत म्हातारी माणसं आणि मुलं एकत्र असतात. शाळा तीच आणि कामही तेच. जिथे पायी पोहोचता येत नाही तिथे हेलिकॉप्टर जातं. त्यातून पोटॅशियम परमँगनेट भरलेल्या छोट्या गोळ्या टाकतात. गोळीत यंत्रानं ग्लायकॉल टोचलेलं असतं. काही सेकंदांत रासायनिक क्रिया होऊन जमिनीवर ती पेटते. हेलिकॉप्टरमध्ये वैमानिकाशेजारी त्या मुलखाचा जाणकार बसतो आणि कुठे टाकायची ते सांगतो.

वर्षाच्या उत्तरार्धात कामाचं रूप बदलतं. उपग्रहावरून येणाऱ्या आगीच्या ठिपक्यांवर लक्ष ठेवायचं आणि उशिराचा वणवा दिसला की तिकडे धावायचं. पाला उडवणारी पंख्याची यंत्रं पाठीवर घेऊन वनरक्षक पाचोळा बाजूला सारत मोकळा पट्टा काढतात. आपल्या वनखात्याची जाळरेषा असते, तसाच, पण आग समोर असताना काढलेला.

या पथकाचं नाव मानवुर्क, म्हणजे रानातली आग. त्यांची वार्डेकेन ही संस्था २००७ मध्ये उभी राहिली आणि २००९ मध्ये जवळपास १४ लाख हेक्टर मुलूख आदिवासींच्या देखरेखीखालचं संरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. २०१५ मध्ये काबुलवारनाम्योला मुलांसाठी शाळा सुरू झाली. शाळा नसेल तर आईबाप गावात जाणार, आईबाप गेले की मुलूख पुन्हा पोरका होणार. संवर्धनाच्या आराखड्यात शाळेला जागा असायला हवी, हे इथल्या लोकांनी ओळखलं.

## कोणाला काय दिसतं

विज्ञानाला एकाच वेळी सगळं पठार दिसतं. धुरातला न दिसणारा वायू मोजता येतो. दोन दशकांचे आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतात. आणि जुन्या पिढ्यांच्या अनुभवात नसलेली संकटं ओळखता येतात. आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आणलेलं गांबा गवत चार मीटरपर्यंत वाढतं आणि स्थानिक गवतापेक्षा कितीतरी तीव्र जळतं. त्याचा वेळीच बंदोबस्त केला नाही तर आगीचे जुने ठोकताळे चालत नाहीत. रानटी झालेली मांजरं जळलेल्या उघड्या जागी येऊन लहान प्राणी टिपतात. हे शत्रू नवे आहेत.

जाणत्या माणसाला मात्र उपग्रहाला न दिसणारं दिसतं: आज वारा दुपारनंतर फिरणार आहे, या घळीतला झरा यंदा आटलेला नाही, म्हणून आग इथे थांबेल. आजोबांच्या काळी या उतारावर कोणते प्राणी होते हे त्याला आठवतं. आणि कोणाला बोलायचा अधिकार आहे हेही त्याला कळतं, कारण इथे ज्ञान कुळागणिक वाटलेलं असतं. काही गोष्टी बाहेर सांगायच्या नसतात. त्या नकाशावर येत नाहीत आणि येऊही नयेत.

आर्नहेम लँडच्या ईशान्येकडच्या योलंगू लोकांनी या मेळासाठी ‘गानमा’ हा शब्द वापरला आहे. नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भेटतं, तिथे फेस उठतो. तो दोन्हींचा असतो. कोकणात आणि गोव्यात खाडीकाठी वाढलेल्यांना हे वेगळं समजवावं लागणार नाही. खाडीत भरतीचं खारं पाणी वर चढतं, ओहोटीला गोडं खाली उतरतं; समुद्र नदी होत नाही आणि नदी समुद्र होत नाही. तरीही जगातलं कितीतरी जीवन त्या दोन्हींच्या सीमेवरच वाढतं.

## जिथे अडतं

हे सगळं सुरळीत चाललंय असं म्हणणं खोटं ठरेल. कार्बनचा बाजार टन मोजतो. धूर कमी करणं आणि मुलूख निरोगी ठेवणं या दोन गोष्टी बऱ्याच वेळा एकत्र जातात, नेहमी नाही. फक्त आकड्यासाठी हेलिकॉप्टरमधून दरवर्षी तेच पट्टे जाळले, तर गोधडीची ठिगळं मोठी होतात आणि काही तुकड्यांना लांब विश्रांती मिळतच नाही. १ ऑगस्टची रेषा हिशेबाला सोयीची आहे, पण वुलीबटचं फूल तारीख पाळत नाही.

शिवाय उत्तर ऑस्ट्रेलियातले लहान सस्तन प्राणी गेल्या काही दशकांत खूप घटले आहेत. आगीची घडी नीट बसवली म्हणून ते आपोआप परत येतील असं नाही; मांजरं, रानरेडे आणि आग यांचा एकत्रित विचार करावा लागतो. त्यासाठी वार्डेकेनचे वनरक्षक रानात कॅमेरे लावून प्राण्यांची नोंद ठेवतात. आणखी एक काळजी आहे. पठारावर पायी वाढलेली पिढी आता सरत चालली आहे. पुस्तकात उतरलेली विद्या आणि पायांत उतरलेली विद्या एक नसते, म्हणून पदयात्रा थांबवून चालणार नाही.

## आपल्या देशात

हे वाचून सह्याद्रीत कोणी काडी ओढू नये. आर्नहेम लँडची आग त्या गवताला, त्या पावसाला, त्या विजांना बांधलेली आहे. आपल्याकडचे बहुतेक वणवे माणसाच्या हातून, नको त्या वेळी लागतात आणि त्यांनी नुकसानच होतं. तरीही आवरलेल्या आगीची ओळख आपल्यालाही आहे. भाताच्या रोपासाठी कोकणात राब भाजतात तेव्हा वारा, वेळ आणि बांध बघूनच काडी लावली जाते.

भारतातलं आर्नहेम लँडशी नातं सांगणारं उदाहरण कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगन डोंगरात आहे. तिथले सोलिग आदिवासी कोरड्या हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याची हलकी आग लावत. तिला ते ‘तरगु बेंकी’ म्हणतात. १९७४ मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे या आगी थांबल्या. त्यानंतर टणटणी, म्हणजेच घाणेरी, रानभर माजली आणि आवळ्याच्या झाडांवर बांडगुळं वाढली. अभ्यासकांचं लक्ष किती फळं तोडली जातात याकडे होतं. सोलिग सांगत होते की आग बंद झाल्यानं बांडगूळ माजलंय. त्यांचं म्हणणं गांभीर्यानं घेऊन २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बांडगुळाचा आवळ्याला बसणारा फटका मांडला गेला. २०११ मध्ये, व्याघ्र प्रकल्प झालेल्या याच अभयारण्यात सोलिगांच्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. तरी तरगु बेंकीचा निर्णय अजून त्यांच्या हाती आलेला नाही.

आपल्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावानं हा अधिकाराचा मुद्दा फार आधी ओळखला. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या या गावानं अभ्यासगट चालवले, बाहेरच्या जाणकारांना बरोबरीनं बसवलं, पण निर्णय ग्रामसभेचाच ठेवला. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला.

## सांगड टिकण्याच्या अटी

या सर्व अनुभवांतून चार गोष्टी हाती लागतात.

पहिली, जमिनीवरचा हक्क आधी. १९७६ चा कायदा नसता तर २००६ चा प्रकल्प झाला नसता. ज्याला केव्हाही हुसकावता येतं, त्याच्याकडून ज्ञान मागणं म्हणजे त्याचं शेवटचं धन मागणं आहे.

दुसरी, प्रश्न मिळून ठरवायचा. आदिवासींनी नावं सांगायची आणि शास्त्रज्ञांनी निष्कर्ष काढायचे, अशी वाटणी केली तर ती सांगड नसते, वेठ असते.

तिसरी, दोन्ही बाजूंची तपासणी व्हायला हवी. परंपरेचं म्हणणं जुनं म्हणून खरं मानू नये आणि लिहिलेलं नाही म्हणून टाकूही नये. पठारावर दोघंही रानाला साक्षी ठेवून बोलले, म्हणून एकमेकांवर विश्वास बसला.

चौथी, काम करणाऱ्याला पगार आणि त्याच्या मुलाला शाळा. ज्ञान हवेत तरंगत नाही. ते चालणाऱ्या पायांबरोबर चालतं आणि माणूस मुलूख सोडून गेला की त्याच्याबरोबर जातं.

पठारावर येक्केच्या दिवसांत पायवाटेनं चालणाऱ्या मुलीच्या हातात आजी जळती काडी देते. कोणत्या गवताला लावायची आणि कुठे नाही, हे ती बोटानं दाखवते. त्या संध्याकाळी उपग्रह वरून जाईल आणि नकाशावर एक छोटा ठिपका उमटेल. ऑक्टोबरमध्ये वणवा आला तर तो त्या ठिपक्यापाशी थांबेल, आणि त्यामागची आनबिनिकची राई हिरवी राहील.